केटररशी करार करताना: अन्न कचरा डेपोवर जाऊ नये म्हणून काय लिहून घ्यायचं

संस्थेच्या, कंपनीच्या किंवा एखाद्या मोठ्या कार्यक्रमाच्या जेवणाची जबाबदारी पहिल्यांदाच तुमच्याकडे आली असेल आणि उरलेलं अन्न कचऱ्यात जाऊ नये असं मनापासून वाटत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी हे काम बरीच वर्षं करते आहे. सुरुवातीला वाटायचं, केटरर चांगला निवडला की झालं. पण चांगल्यातला चांगला केटररसुद्धा रात्री दमलेला असतो, हॉल रिकामा करून द्यायची घाई असते, गाडीवाला खोळंबलेला असतो. त्या घाईत सगळं एकाच गाडीत पडतं आणि डेपोवर जातं. ते टाळायचं तर अन्न कुठे जाणार, कोण नेणार आणि तिथे पोचल्याची पावती कोण आणून देणार, हे कागदावर आधीच ठरलेलं लागतं.

केटरर हमखास विचारतो, "एवढा खटाटोप कशासाठी?" त्याला द्यायला उत्तर हवं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं जवळपास २९ कोटी टन हॉटेलं, कॅन्टीन आणि केटरिंगमधलं होतं. डेपोवर हे अन्न थरांखाली दाबलं जातं, त्याला हवा मिळत नाही, आणि हवेशिवाय कुजताना त्यातून मिथेन निघतो. वीस वर्षांचा हिशोब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवून धरतो. काही डेपोंवर वायू गोळा करायला नळ्या टाकतात, पण शिजवलेलं अन्न इतक्या लवकर कुजतं की नळ्या बसेपर्यंत बराचसा मिथेन उडून गेलेला असतो. म्हणून अन्न डेपोच्या दारातच जाऊ द्यायचं नाही.

पायरी १ : केटररच्या आधी मुक्काम शोधा

नवखी माणसं आधी केटरर ठरवतात आणि अन्नाचं काय करायचं ते शेवटच्या आठवड्यात बघतात. उलट करा. तुमच्या आसपास कंपोस्ट प्रकल्प आहे का, बायोगॅस प्रकल्प आहे का, शिल्लक जेवण नेणारी एखादी संस्था आहे का, याची आधी चौकशी करा. फोनवर भागवू नका, एकदा जाऊन या.

तिथे गेल्यावर विचारायचं ते असं. शिजवलेलं, तेलकट अन्न चालतं का? हाडं चालतात का? कागदी नॅपकिन आणि "कंपोस्ट होणाऱ्या" प्लेटा घेता का? पिशवीसकट चालेल की मोकळंच हवं? किती भेसळ दिसली की तुम्ही माल परत पाठवता? फाटक किती वाजता उघडतं? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. जेवणं रात्री संपतात आणि प्रकल्पाचं फाटक सकाळी उघडतं. मधले आठ-नऊ तास झाकणबंद ड्रम कुठे उभे राहणार, हे ठरलेलं नसेल तर रात्री कोणीतरी "आता हे कुठे ठेवू?" म्हणतं आणि जी गाडी समोर असेल तिच्यात ते चढवतं.

"आमचं सगळं जनावरांना जातं," असं काही केटरर सांगतात. ते तसंच मान्य करू नका. जनावरांना खरकटं घालण्यातून रोग पसरतात. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकुताची भयंकर साथ आली आणि त्यानंतर तिथे डुकरांना खरकटं घालण्यावर बंदी आली. तुमच्या ठिकाणी कायद्याने काय चालतं ते बघा आणि नेणाऱ्या माणसाला स्वतः भेटा.

जवळपास काहीच नसेल आणि कार्यक्रम लहान असेल तर स्वतःच्या आवारात खत करता येतं. एक घमेलं अन्नाला दोन-तीन घमेली वाळका पालापाचोळा किंवा भुसा लागतो. हा कोरडा माल अन्न यायच्या आधी जागेवर असावा. अन्न आलं आणि पाचोळा नाही, तर दुसऱ्या दिवशी वास सुटतो आणि शेजारी तक्रार करतात.

पायरी २ : तीन ढीग वेगळे ओळखा

"कचरा" हा एकच शब्द सगळ्यासाठी वापरला की काम बिघडतं. आपल्या भाषेत यासाठी नेमके शब्द आहेत, ते करारातही वापरा. निवडण म्हणजे चिरताना-सोलताना निघालेली देठं, साली. शिल्लक म्हणजे शिजवलेलं पण ताटात न गेलेलं अन्न. उष्टं म्हणजे ताटात गेलेलं आणि टाकलेलं. शिल्लक माणसांच्या पोटात जाऊ शकते, आणि आधी तोच प्रयत्न करायचा. उष्टं माणसांना कधीच द्यायचं नाही, ते खताला किंवा बायोगॅसला. निवडण स्वच्छ आणि एकसारखं असतं, ते कोणताही प्रकल्प आनंदाने घेतो. तिन्ही एका ड्रममध्ये पडली की सगळ्याचं उष्टं होतं.

पायरी ३ : केटररला विचारायचे प्रश्न

मी पहिल्या भेटीत एकच प्रश्न आधी विचारते: "गेल्या मोठ्या कामात किती किलो अन्न उरलं?" "आमच्याकडे काही उरतच नाही," असं उत्तर आलं तर समजायचं की या माणसाने कधी वजनच केलेलं नाही. "नक्की सांगता येणार नाही, पण मोठी दोन पातेली असतील," म्हणणारा मला जास्त बरा वाटतो, कारण तो निदान बघतो.

मग विचारा की स्वयंपाक कुठे होतो. बहुतेक मोठे केटरर स्वतःच्या स्वयंपाकघरात चिरणं-निवडणं उरकून तयार माल हॉलवर आणतात. म्हणजे निवडणाचा ढीग तुमच्या नजरेस पडतच नाही. तुमचा हॉल स्वच्छ, पण तुमच्याच जेवणाच्या साली दुसरीकडून डेपोवर गेलेल्या. करारात हे स्वयंपाकघर धरायचं.

केटरर कुरकुरला तर त्याच्या फायद्याची गोष्टही सांगा. अन्नाची नासाडी कमी करण्यासाठी काम करणाऱ्या चॅम्पियन्स १२.३ या आंतरराष्ट्रीय गटाने सहा देशांतल्या ८६ केटरिंग केंद्रांचे हिशोब तपासले. बाराच महिन्यांत त्यांची नासाडी सरासरी ३६ टक्क्यांनी घटली होती, आणि त्यासाठी घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे सहा डॉलरहून जास्त वाचले होते. अन्न वाचलं की विकत आणलेला माल, गॅस आणि माणसांचे तास वाचतात. धंदा करणाऱ्याला हे लगेच कळतं.

पायरी ४ : करारात काय लिहायचं

इथे घाई करू नका. माझ्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमात मी केटररला तीनदा बजावलं होतं, तेही तोंडी. त्याने हो-हो म्हटलं आणि मनापासूनच म्हटलं असावं. हिरव्या झाकणाचे चार ड्रम आम्ही स्वतः नेऊन ठेवले. पाहुण्यांनी उष्टं नीट त्यातच टाकलं. रात्री साडेअकराला मी मागच्या दाराशी गेले तेव्हा एक पोरगा हिरवा ड्रम कलता करून प्लास्टिकच्या ग्लासांनी भरलेल्या गाडीत ओतत होता. त्याला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. गाडी परस्पर बाहेरून मागवलेली, गाडीवाल्याला डेपोशिवाय दुसरा रस्ता माहीत नव्हता. तिनशे माणसांनी नीट वेगळं केलेलं अन्न पाच मिनिटांत एक झालं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तोंडी ठरलेलं म्हणजे बोलाचीच कढी, हे तेव्हा पुरतं कळलं.

पहिलं कलम व्याप्तीचं. मी असं लिहिते: "या कामात निघालेलं निवडण, शिल्लक आणि उष्टं, केटररच्या स्वयंपाकघरात निघालेलं धरून, कचरा डेपोवर किंवा जाळण्यासाठी पाठवलं जाणार नाही. केटररने काम दुसऱ्याला दिलं तर हीच अट त्यालाही लागू राहील." शेवटचं वाक्य गाळू नका. भांडी घासणारे आणि गाडीवाले बहुधा बाहेरचेच असतात.

दुसरं कलम मुक्कामाचं: प्रकल्पाचं नाव, पोचवायची वेळ, आणि तो बंद असेल तर दुसरी जागा कोणती. "योग्य विल्हेवाट लावावी" असं मोघम लिहिलं तर ती मोठी पळवाट होते.

तिसरं वजनाचं आणि पावतीचं. "प्रत्येक ड्रम दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर तोलला जाईल. प्रकल्पाची वजनाची पावती सात दिवसांत सादर केली जाईल. बिलाचा शेवटचा १० टक्के हप्ता पावती मिळाल्यावर दिला जाईल." मी १० टक्केच अडवते. त्याहून जास्त अडवलं तर लहान केटररची माणसं पगाराविना राहतात, आणि फार कमी अडवलं तर पावतीसाठी कोणी हेलपाटा घालत नाही.

एक चूक मात्र करू नका. जितकं अन्न उरेल तितक्या किलोंचा दंड, अशी अट घालू नका. दिसायला ती कडक दिसते, पण तिने केटररला वजन लपवायचं कारण मिळतं. अन्न मोरीत जातं, शेजारच्या कचरापेटीत जातं, आणि तुमच्या वहीत आकडा सुंदर दिसतो. दंड ठेवायचाच असेल तर पावती न आणल्याचा ठेवा.

वाहतुकीचा खर्च दरपत्रकात वेगळ्या ओळीत मागा. ताटाच्या दरात मिसळून टाकला की घासाघीस करताना तोच आधी कापला जातो.

ताटंवाट्यांचं कलमही हवं. धुऊन पुन्हा वापरायची भांडी सगळ्यात चांगली. ते जमत नसेल तर तुमचा प्रकल्प जी घेतो तीच प्लेट. "बायो" लिहिलं म्हणजे ती कुजते असं नाही. पीएलए नावाचं जे वनस्पतीजन्य प्लास्टिक असतं, ते साधारण ६० अंशांच्या आसपास तापणाऱ्या औद्योगिक कंपोस्टमध्येच नीट कुजतं, घरच्या खतखड्ड्यात ते महिनोन्‌महिने तसंच राहतं. सॉसच्या पुड्या, स्ट्रॉ, एकेका घासाच्या प्लास्टिक वाट्या करारातच बाद करा. प्रकल्पावर हाताने वेचावं लागतं ते हेच.

शिल्लक अन्न कोणाच्या मालकीचं, तेही लिहा. ते तुमचं की केटररचं यावरून रात्री वाद होतो, आणि वाद मिटेपर्यंत अन्न थंड होतं. कामाच्या माणसांना घरी न्यायला मुभा द्या, फक्त डबे भरायच्या आधी वजन होऊ दे.

तुमच्या भागात याविषयी कायदा असेल तर त्याचा उल्लेख करारात करा, वजन पडतं. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नाचा कचरा थेट डेपोत पुरायला बंदी केली. स्कॉटलंडमध्ये ग्रामीण भाग वगळता आठवड्याला ५ किलोहून जास्त अन्नकचरा करणाऱ्या खाद्य व्यवसायांना २०१६ पासून तो वेगळा द्यावा लागतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१४ मध्ये आठवड्याला एक टन अन्नकचरा टाकणाऱ्यांपासून अशा बंदीला सुरुवात केली आणि २०२२ मध्ये ती मर्यादा अर्ध्या टनावर आणली. व्हरमाँट राज्यात तर २०२० पासून घरांसकट सगळ्यांनाच ही बंदी आहे. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी करार तुमचा आहे. त्यात ही अट घालायला कोणाची परवानगी लागत नाही.

पायरी ५ : मुळात कमी उरेल असं करा

केटरर जास्त का शिजवतो? त्याला भीती असते. जेवण कमी पडलं तर लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, उरलं तर कोणी विचारत नाही. ही भीती तुम्हीच घालवू शकता. मी कार्यादेशात, म्हणजे केटररला लेखी देते त्या ऑर्डरमध्ये, एक ओळ घालते: "शेवटच्या अर्ध्या तासात एखादा पदार्थ संपला तर ती केटररची चूक धरली जाणार नाही." एका केटररने ही ओळ दोनदा वाचली आणि म्हणाला, "ताई, असं आजवर कोणी लिहून दिलं नव्हतं." त्याने त्या दिवशी शेवटचा घाणा शिजवलाच नाही, आणि कोणी उपाशी गेलं नाही.

पक्का आकडा ४८ तास आधी कळवा. सगळं एकदम न शिजवता शेवटचा सहावा-सातवा हिस्सा गर्दी बघून चढवायला सांगा. शेवटच्या तासात मोठी भांडी काढून लहान ठेवा. ताटांचा आकारही बघा. नॉर्वेतल्या हॉटेलांमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुफेच्या प्लेटा थोड्या लहान केल्यावर नासाडी सुमारे २० टक्क्यांनी उतरली. "थोडं घ्या, पुन्हा पुन्हा या" अशा अर्थाची पाटी लावल्यावरही जवळपास तितकाच फरक पडला.

पायरी ६ : शिल्लक माणसांपर्यंत पोचवणं

नेणारी संस्था, गाडी आणि वेळ आधी ठरलेली हवी. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, आणि शिजवलेलं काहीही उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त नाही, हा नियम मोडायचा नाही. सळईचा थर्मामीटर जवळ ठेवा. स्वयंपाकघरात झाकून राहिलेलं पातेलं द्यायला योग्य. पाहुण्यांनी स्वतः वाढून घेतलेल्या भांड्यातलं अन्न मी देत नाही. प्रत्येक डब्यावर पदार्थाचं नाव आणि शिजवल्याची वेळ लिहा. जे अन्न तुम्ही स्वतःच्या मुलाला वाढणार नाही ते दुसऱ्याच्या मुलाकडे पाठवू नका. ते खताला जाऊ दे, त्यात काही कमीपणा नाही.

पायरी ७ : हॉलवरची मांडणी

सुटी कचरापेटी ही सगळ्यात मोठी अडचण. हॉलमधल्या सगळ्या पेट्या आधी उचलून ठेवा. मग ठरलेल्या दोन-तीन जागी, ताटं परत करायच्या वाटेवरच, एकत्र मांडा: द्रवासाठी बादली, अन्नासाठी ड्रम, सुक्यासाठी पेटी. अन्नाच्या ड्रमच्या शेजारी दुसरी पेटी नसेल तर ग्लासही त्यातच पडतात. पाटीवर मजकूर लिहिण्यापेक्षा खरी वस्तू चिकटवा. सुक्याच्या झाकणावर वापरलेला ग्लास आणि चमचा लावला की लहान मुलालाही कळतं.

ड्रम ५०-६० लिटरचेच घ्या. ओलं अन्न फार जड असतं. १२० लिटरचा ड्रम काठोकाठ भरला तर दोघांना उचलवत नाही, आणि तो ओढताना सांडतो.

प्रत्येक जागी चिमटा आणि हातमोजे घेतलेला एक माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा हवा. पहिली वीस मिनिटं फार महत्त्वाची. ड्रममध्ये वर एक प्लास्टिकचा ग्लास तरंगताना दिसला की पुढचा माणूस निर्धास्तपणे दुसरा टाकतो. पहिला ग्लास लगेच उचलला तर बहुतेकदा दुसरा पडतच नाही.

आणि मागच्या बाजूला, जिथे भांडी घासली जातात तिथे, जेवणं सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं जा. त्या बायकांना, पोरांना नावं विचारा, कोणता ड्रम कशासाठी ते दाखवा, ड्रम कुठे जाणार तेही सांगा. सगळं शेवटी त्यांच्या हातात असतं आणि सगळ्यात कमी त्यांनाच सांगितलेलं असतं. तो हिरवा ड्रम ओतणारा पोरगा मला अजून आठवतो. त्याची काहीच चूक नव्हती. ताट धुण्याआधी निपटून ड्रममध्ये, आणि मोरीच्या तोंडावर जाळी, एवढं त्यांच्याबरोबर ठरवा.

पायरी ८ : वजन, गाडी, पावती

दीडशे किलोपर्यंतचा सपाट काटा भाड्याने घ्या. रिकाम्या ड्रमचं वजन आधी त्याच्यावरच रंगाने लिहून ठेवा, म्हणजे रात्री गोंधळ होत नाही. वहीत चार रकाने पुरे: ड्रमचा क्रमांक, कोणता ढीग, निव्वळ वजन, दोघांच्या सह्या.

समजा ३०० माणसं जेवली आणि निवडण २१ किलो, शिल्लक ९ किलो, उष्टं २४ किलो भरलं. म्हणजे माणशी ८० ग्रॅम उष्टं. मला हा माणशी आकडा सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण पुढचा कार्यक्रम दीडशे माणसांचा असला तरी तुलना करता येते.

पहिल्या वेळी गाडीबरोबर स्वतः प्रकल्पावर जा. पावतीवरचं वजन तुमच्या वहीपेक्षा दोन-चार किलोंनी कमी आलं तर पाणी निथळलेलं असतं. निम्मंच आलं तर त्याच दिवशी विचारा. प्रकल्पावरची माणसं ड्रम उघडताना बाजूला उभं राहा आणि ती काय वेचून बाहेर काढतात ते लिहून घ्या. पुढच्या करारात काय बाद करायचं याची यादी तिथेच तयार होते.

पायरी ९ : पुढचा कार्यक्रम

आठवड्याभरात केटररबरोबर बसा, वही मध्ये ठेवा. कोणता पदार्थ ताटात सर्वांत जास्त राहिला, कोणतं पातेलं उघडलंच नाही, हे त्याच्या आचाऱ्याला बरोबर माहीत असतं, त्यालाही बोलवा. पावती वेळेवर आली असेल तर हप्ता त्याच दिवशी द्या. आली नसेल तर थांबा आणि अडचण कुठे आली ते समजून घ्या. पहिल्या खेपेला बहुतेक वेळा गाडीचीच असते. मग पुढच्या कार्यादेशात वरच्या ओळीत माणशी आकडा लिहा, मागचा ८० ग्रॅम तर या वेळचं उद्दिष्ट ६५, आणि त्याखाली गाडीवाल्याचं नाव आणि फाटकाची वेळ.